दर लिहिता, सेवाही लिहा : बांधकाम साइटवरच्या पुरवठ्याविषयी खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील बांधकाम व्यावसायिक, प्रोजेक्ट मॅनेजर आणि खरेदी विभाग

स. न. वि. वि.

साइट मीटिंग कोणतीही असो, मिनिट्समध्ये एक ओळ ठरलेली असते : ‘मटेरियल वेळेवर येत नाही, सप्लायरला कळवणे.’ सप्लायरला कळवलं जातं, तो ‘हो साहेब, बघतो’ म्हणतो आणि पुढच्या आठवड्याच्या मिनिट्समध्ये तीच ओळ परत येते. आम्ही त्या ओळीच्या पलीकडच्या बाजूला काम करतो. कोणी आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटचं डिस्पॅच, म्हणजे गाड्या पाठवणं सांभाळतं, कोणी खडी-क्रश सँडच्या (दगड कुटून केलेल्या वाळूच्या) गाड्या, कोणी स्टीलचे ट्रेलर, कोणी ब्लॉक आणि टाइल्सची वाहतूक. आमचं म्हणणं थोडक्यात असं : तुमच्या वर्क ऑर्डरमध्ये दर असतो, सेवा नसते. घनमीटरला किती, ब्रासला किती, टनाला किती हे पैशापर्यंत घासून घेतलेलं असतं. पण गाडी किती वाजता हवी, कोण उतरवणार, किती वेळात मोकळी होणार, माल कसा मोजणार, परत कशावरून पाठवणार, यातलं काहीही लिहिलेलं नसतं. मग त्याचा निकाल गेटवर लागतो आणि तो वॉचमन, स्टोअरकीपर आणि ड्रायव्हर मिळून लावतात.

हिंजवडीची, नगर रोडची किंवा चाकणची कोंडी तुमच्या हातात नाही, आमच्याही नाही. गेटपासून स्लॅबपर्यंतचे शेवटचे दोनशे मीटर मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहेत, आणि गाडीचा सगळ्यात जास्त फुकट जाणारा वेळ तिथेच जातो. म्हणून हे पत्र मुख्यतः त्या दोनशे मीटरांबद्दल आहे.

काँक्रीटपासून सुरुवात करू, कारण तिथे घड्याळ सगळ्यात कडक आहे. आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहणारी फिरत्या ड्रमची गाडी) भरल्यापासून दोन तासांत रिकामा व्हायला हवा. रिटार्डर (काँक्रीट घट्ट होणं लांबवणारं रसायन) घातलेलं असेल तर त्याहून जास्त वेळ चालतो, पण तो आधी ठरवून आणि मिक्स डिझाइनमध्ये धरून. गाडी अडकली म्हणून मागाहून नव्हे. आता एक साधा स्लॅब घ्या : १५० घनमीटर. पंपाच्या कॅटलॉगमध्ये काहीही लिहिलेलं असो, पाइपलाइन, पाइप बदलणं, मजुरांची पसरवण्याची गती हे सगळं धरलं तर तासाला ३० घनमीटर निघालं तरी काम चांगलं चाललंय असं म्हणायचं. मिक्सर ६ घनमीटरचा. म्हणजे पंपाला दर १२ मिनिटांनी एक गाडी हवी, एकूण २५ गाड्या, पाच तास.

एका गाडीची फेरी मोजा. प्लांटवर भरायला १२ मिनिटं, स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) बघून चलन घेऊन बाहेर पडायला ६, साइटपर्यंत ४२, गेटवर आणि पंपापाशी थांबणं १०, खाली करणं १२, चूट (माल सोडायची पन्हळ) धुऊन बाहेर पडणं ८, परतीला ३०. बेरीज १२० मिनिटं. १२० भागिले १२ म्हणजे दहा मिक्सर लागतात. ऑर्डर देताना हा भागाकार कोणी करत नाही. ‘उद्या सकाळी सातला दीडशे क्यूम पाठवा’ एवढाच निरोप येतो. प्लांटवर त्याच सकाळी सातला आणखी चार साइट्सचा तोच निरोप असतो. मग वाट्याला सहा गाड्या येतात. सहा गाड्यांत दोन तासांची फेरी म्हणजे दर २० मिनिटांनी एक गाडी. पाच तासांचं काम सव्वाआठ तासांवर जातं, आणि तेही गाड्या समान अंतराने आल्या तर. त्या तशा येत नाहीत. सिग्नल, उड्डाणपुलाची चढण, शाळेच्या बसगाड्या यांत अडकून तीन गाड्या एकामागे एक येतात, नंतर पाऊण तास काहीच नाही. तीन एकदम आल्या की तिसरी गाडी थांबून तापते. नंतरच्या पाऊण तासात पाइपलाइनमधलं काँक्रीट घट्ट होतं आणि स्लॅबवर कोल्ड जॉइंटची (जुना-नवा थर एकजीव न झाल्याची) रेघ पडते. उन्हाळ्यात १२५ मिलिमीटरच्या पाइपातला माल वीस-पंचवीस मिनिटं नुसता पडून राहिला तर चोकअप ठरलेलाच. गॅप पडली की पंप ऑपरेटरने दर काही मिनिटांनी दोन स्ट्रोक मागे, दोन पुढे असं मालाला हलवत ठेवायचं असतं. त्यासाठी हॉपरमध्ये (पंपाच्या तोंडाशी असलेल्या हौदात) थोडा माल राखून ठेवावा लागतो, आणि ‘हॉपर पूर्ण खाली कर, गाडीचं माप बघायचंय’ असं म्हणणारा सुपरवायझर नेमका तोच माल काढून घेतो.

तीन गोष्टी केल्या तर यातला बराचसा त्रास जातो, आणि तिन्ही साइटच्या हातात आहेत. एक, पंप अशा जागी लावा की हॉपरला दोन गाड्या एकदम लागतील. पहिली खाली होत असताना दुसरी रिव्हर्स घेऊन तयार उभी असली की प्रत्येक गाडीमागे पाच-सात मिनिटं वाचतात. पंचवीस गाड्यांत ती दोन तासांच्या वर जातात. दोन, सळई आणि शटरिंगची तपासणी संपल्याशिवाय पहिली गाडी मागवू नका. चेकिंगला आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या सांगाड्याचा सल्लागार इंजिनिअर) दहाला येणार आणि गाडी साडेनऊला मागवलेली, हा प्रकार इतका सर्रास चालतो की काही डिस्पॅचर तुमच्या सांगितलेल्या वेळेत मनातल्या मनात एक तास मिळवूनच गाडी भरतात. ज्या दिवशी तुम्ही खरोखर तयार असता, त्या दिवशी त्याचा फटका तुम्हालाच बसतो. तीन, साइटवरचा एकच माणूस आणि प्लांटवरचा एकच माणूस बोलेल असं ठरवा. इंजिनिअर म्हणतो ‘जोरात पाठवा’, पंपवाला म्हणतो ‘थांबवा, पाइप चोक आहे’, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो ‘चहा चाललाय’. प्लांटला तिघांचेही फोन येतात.

पाण्याचं स्पष्ट बोलायला हवं. गाडी तासभर उन्हात थांबली, स्लंप पडला, पंप घेत नाही. ड्रायव्हर टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो. सोडायला सांगणारा बहुतेक वेळा साइटचाच असतो. एम-३० ग्रेडच्या एखाद्या मिक्समध्ये घनमीटरला ३८० किलो सिमेंट आणि १६३ लिटर पाणी असेल तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४३ होतं. सहा घनमीटरच्या गाडीत फक्त ६० लिटर, म्हणजे तीन-चार बादल्या सोडल्या की ते ०.४५ च्या वर जातं. क्यूब (ताकद तपासायचे नमुने) मात्र गाडी आल्या आल्या, पाणी घालायच्या आधी भरलेले असतात. त्यामुळे २८ दिवसांचा रिपोर्ट छान येतो आणि स्लॅबमध्ये दुसरंच काँक्रीट असतं. योग्य रीत अशी की प्लांटच्या क्यूसीने (गुणवत्ता तपासणाऱ्याने) आधी लेखी देऊन ठेवलेल्या मात्रेत काँक्रीट पातळ करणारं अॅडमिक्स्चर घालायचं, ड्रम पूर्ण वेगाने घनमीटरमागे साधारण एक मिनिट फिरवायचा आणि स्लंप पुन्हा मोजायचा. कोडमधली सूट २५ मिलिमीटर किंवा ठरलेल्या स्लंपचा एक तृतीयांश, यांत जे कमी असेल तेवढी, अधिक-उणे. त्यात बसलं तर घ्या, नाही बसलं तर परत पाठवा. पण परत पाठवण्याचा अधिकार साइटवर नेमका कोणाला आहे, हे ऑर्डरमध्ये लिहा. सध्या तो कोणालाच नसतो, किंवा सगळ्यांनाच असतो.

शेवटच्या गाडीचा हिशेबही कोणी करत नाही. अंदाजे २० घनमीटर उरलं की पंप चालू असतानाच उरलेली जागा टेपने मोजा आणि पाइपलाइनमध्ये अडकून राहणारा माल धरून शेवटचा आकडा कळवा. १२५ मिलिमीटरच्या १०० मीटर पाइपात सव्वा घनमीटरच्या आसपास माल असतो, तो विसरू नका. तरीही एखाद-दीड घनमीटर उरणारच. तो कुठे टाकायचा ते आधी ठरलेलं असावं : कंपाउंडचं पीसीसी (सळईविना काँक्रीट), सांडपाण्याच्या चेंबरचा तळ, कर्बचे साचे. नाहीतर तो परतीच्या वाटेवर एखाद्या ओढ्याकाठी जातो, आणि कोणी टाकला हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणालाच ठाऊक नसतं.

आता स्टील. इथली भांडणं वेळेपेक्षा वजनाची जास्त. बिल टनात येतं, ड्रॉइंगला मात्र मीटर लागतात. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे : १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो, १२ मीटरची एक सळई १८.९६ किलो, म्हणजे दहा टनांत ५२७ सळया. पण आयएस १७८६ मध्ये वजनाची सूट आहे : १० मिलिमीटरपर्यंत अधिक-उणे ७ टक्के, त्यापुढे १६ पर्यंत ५, आणि १६ च्या वर ३. माल ३ टक्के अधिकच्या बाजूला रोल झाला असेल तर त्याच दहा टनांत ५१२ च सळया येतील. पंधरा सळया, म्हणजे १८० मीटर लांबी कमी. यात चोरी नाही, कोडमध्ये बसतं. तरी स्टोअरकीपर ‘माल कमी आला’ म्हणून चलन अडवतो आणि ट्रेलर अर्धा दिवस गेटबाहेर उभा राहतो. ऑर्डर देतानाच ठरवा : पैसे वजनकाट्यावरच्या वजनाला द्यायचे की मोजलेल्या लांबीला, काटा कोणता, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या पावत्या त्याच काट्याच्या हव्यात की नाही, आणि दोन काट्यांत फरक आला तर किती किलोपर्यंत मान्य. एवढं लिहिलं की वाद पाच मिनिटांत मिटतो.

मोजणीसाठी प्रत्येक व्यासाच्या एका बंडलातून एक-एक मीटरचे तीन तुकडे कापून साध्या डिजिटल काट्यावर तोला आणि तो आकडा जीआरएनवर (माल मिळाल्याच्या नोंदीवर) लिहा. बंडलाच्या टॅगवरचा हीट नंबर (स्टील वितळवलेल्या लॉटचा क्रमांक) आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर जुळतो का, ते गाडी उभी असतानाच बघा. टॅग बहुतेक वेळा उतरवताना स्लिंगखाली येऊन तुटतात, आणि मग फे ५०० डी आणि फे ५५० डी हे वेगवेगळ्या ताकदीचे ग्रेड एकाच ढिगात मिसळले तरी पत्ता लागत नाही. टॅग तुटण्याआधी बंडलाच्या टोकाला ग्रेडप्रमाणे रंगाचा पट्टा मारला की काम झालं.

१२ मीटरची सरळ सळई हवी असेल तर ट्रेलर येतो. तो वळायला जागा आहे का, हे खरेदी विभागाला मुख्यालयात बसून कळत नाही. जागा नसेल तर सळया यू आकारात दुमडून दहा चाकी गाडीत येतात. मग साइटवर त्या सरळ करताना वळणाच्या जागचा भाग वाकडाच राहतो आणि तो कापून टाकावा लागतो. वेस्टेज स्टीलवाल्याच्या नावावर पडतं, दोष मात्र गेटच्या रुंदीचा असतो. जागा कमी असलेल्या साइटला कट अँड बेंड माल परवडतो, पण त्याची अट कडक आहे : बीबीएस (सळया कापायची-वाकवायची यादी) आठ-दहा दिवस आधी आणि पक्का द्यायचा, आणि माल कोणत्या क्रमाने हवा ते त्यात लिहायचं. कारखाना आपल्या मशिनच्या सोयीने व्यासाप्रमाणे कापतो. तुम्ही क्रम दिला नाही तर आधी अकराव्या मजल्याच्या रिंगा येतील आणि नवव्या मजल्याचे कॉलम बार चार दिवसांनी.

खडी आणि क्रश सँडचा व्यवहार अजून ब्रासवर चालतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. गाडीच्या हौद्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आणि उंची मोजताना मधला ढीग धरायचा की कडेची, यावर रोज पहाटे वाद. त्यात ओलावा. ओली बारीक वाळू फुगते; पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असला की आकारमान पाव भागाने वाढलेलं सापडू शकतं. ते तपासायला लॅब लागत नाही. उंच काचेच्या नळकांड्यात ओली वाळू न दाबता २०० मिलिमीटरपर्यंत भरा, ती बाहेर काढून त्याच नळकांड्यात पाणी घ्या, वाळू परत सोडून ढवळा आणि बसू द्या. पातळी १६० वर आली तर ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के फुगवटा. मोजपट्टीवर पाच ब्रास दिसणारी ती गाडी खरी चार ब्रासची. वजनावर घ्या, ओलाव्याची वजावट दोघांनी मिळून ठरवा, आणि हा वाद कायमचा संपवा. त्याच वेळी माल क्रश सँडच आहे की नुसती क्रशरची डस्ट, तेही चाळणी लावून बघा. आयएस ३८३ मध्ये कुटलेल्या वाळूला ७५ मायक्रॉनखालची भुकटी १५ टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे नाही.

वजनावर गेलात की आणखी एक गोष्ट उघडी पडेल, आणि ती पडावी अशी आमची इच्छा आहे. ब्रासचा दर इतका घासला जातो की तो गाडी ओव्हरलोड केल्याशिवाय बसतच नाही. २०१८ च्या सुधारणेनंतर दहा चाकी, तीन अॅक्सलच्या गाडीला एकूण वजनाची मर्यादा २८.५ टन आहे. रिकामी टिपर गाडीच साडेदहा टनांच्या आसपास भरते. उरले १८ टन, म्हणजे क्रश सँड चार ब्रासही नीट बसत नाही. तिच्याकडून पाच ब्रास मागितले की गाडी साडेचार टनांनी वर. पकडली तर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. ती गाडी पकडली गेली की तुमचं प्लास्टर दोन दिवस बंद, आणि मिनिट्समध्ये तीच ओळ. ओव्हरलोड गाडी तुमच्या पोडियमवर चढवणं हा तर वेगळाच जुगार आहे. बेसमेंटच्या वरच्या स्लॅबवरून गाड्या न्यायच्या असतील तर कोणत्या पट्ट्यातून, किती टनांपर्यंत आणि खाली प्रॉप्स (टेकू) किती काळ ठेवून, हे आरसीसी कन्सल्टंटकडून लेखी घ्या आणि तो पट्टा रंगाने आखा. ‘हळू ने रे’ एवढ्यावर स्लॅब तरत नाही.

खडी-वाळूच्या गाडीला वाहतूक पास असतो आणि त्या पासला मुदत असते. वाघोली किंवा मोशीहून निघालेली गाडी तुमच्या गेटबाहेर चार तास उभी राहिली तर पासची मुदत रस्त्यावरच संपते. त्यानंतर तपासणीला गाडी सापडली तर भोगायचं मालकाने.

वर चढवण्याबद्दल. सप्लायर माल गेटपर्यंत आणतो, पण तुमचं काम अडतं ते हॉइस्टपाशी (माल वर नेणाऱ्या लिफ्टपाशी). एका मजल्यावर ६० घनमीटर एएसी (हलक्या काँक्रीटच्या) ब्लॉकचं काम आहे असं धरा. घनमीटरला ६०० किलो म्हटलं तरी ३६ टन. ब्लॉक ताजे आणि ओले असतील तर त्याहून जास्त. हॉइस्टची क्षमता एक टन आणि विसाव्या मजल्याची भरून-उतरवून फेरी दहा मिनिटांची असेल तर नुसते ब्लॉक चढवायला सहा तास, तेही मध्ये प्लंबर, टाइलवाला आणि माणसांची ने-आण नाही असं समजून. म्हणून ब्लॉकच्या चार गाड्या एकाच सकाळी बोलावण्यात काही अर्थ नाही. ते ब्लॉक खाली उतरतात, तिथे जागा नसते, पुन्हा एकदा हलवले जातात, आणि प्रत्येक हलवण्यात कोपरे तुटतात. तुटफूट मोजायची ती गाडीवर, पहिल्याच हाताला. ट्रॉलीतून दोनदा हलवून झाल्यावर मोजलेली तुटफूट सप्लायरच्या माथी मारणं बरोबर नाही. पॅलेटवर पट्टी मारून आलेला माल फोर्कने उतरवला तर तुटफूट खूप कमी होते, पण फोर्कलिफ्ट चालेल अशी पक्की जमीन तुमच्याकडे असायला हवी. हॉइस्टचं आणि क्रेनच्या हूकचं रोजचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी फळ्यावर लिहा. गाड्यांच्या वेळा त्याच्या मागून ठरवा. सध्या उलटं चालतं.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर पावसाळा. गेटपासून उतरवायच्या जागेपर्यंतचा रस्ता जूनच्या पहिल्या आठवड्याआधी सोलिंग (दगडांचा थर) आणि मुरूम टाकून, दाबून पक्का करा. बाजूने चर काढा. नुसता मुरूम पहिल्या दोन पावसांत चिखल होतो. फसलेला मिक्सर काढायला जेसीबी येईपर्यंत आतलं काँक्रीट काय होतं, ते सांगायला नको. खाणींत पाणी भरल्यावर माल कमी आणि ओला येतो, तेव्हा वाळूचा साठा मे महिन्यातच करून झाकून ठेवा. सिमेंट मात्र साठवू नका. दहा गोण्यांहून उंच थर नको, जमिनीपासून १५०-२०० मिलिमीटर वर फळ्यांवर, भिंतीला न चिकटवता, आणि आधी आलेलं आधी वापरायचं. तीन महिन्यांवर गेलेली गोणी चाचणीशिवाय वापरू नये, हे प्रत्येक स्टोअरकीपरला माहीत असतं. पण नवी गाडी जुन्या थरापुढे लावली की जुना थर भिंतीशी तसाच राहतो. दोन्ही बाजूंनी वाट ठेवली तरच हे जमतं. गणपतीत शहरात अवजड गाड्यांवर बंदी असते आणि दिवाळीत ड्रायव्हर गावी जातात, हे दर वर्षी होतं. त्या दिवसांत मोठा स्लॅब धरू नका.

आता पैशाचं. गाडी उतरवायची कोणी? ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची फार जुनी मागणी आहे, आणि ती रास्त आहे. माथाडी कायदा १९६९ चा. नोंदीत कामगारांची मजुरी आणि लेव्ही मंडळात कशी भरायची, हे त्यात ठरलेलं आहे. तरी गेटवर ड्रायव्हरकडे वाराई (माल उतरवण्याची मजुरी) मागितली जाते, तो मालकाला फोन लावतो, मालक तुम्हाला, तुम्ही फोन उचलत नाही, गाडी उभी. उतरवण्याचा खर्च कोणाचा हे ऑर्डरमध्ये एका ओळीत लिहा आणि तो ड्रायव्हरच्या खिशातून जाणार नाही असं बघा.

हॉल्टिंगचंही (गाडी थांबवून ठेवण्याच्या आकाराचं) तसंच. आमचा प्रस्ताव असा : गेटमध्ये शिरल्यापासून मिक्सरला ३० मिनिटं, टिपरला २०, हाताने उतरवायच्या ब्लॉक-टाइलच्या गाडीला दोन तास, स्टीलच्या ट्रेलरला क्रेन असेल तर दीड तास. त्यापुढे प्रत्येक अर्ध्या तासाला ठरलेली रक्कम. आणि उलट बाजूनेही, गाडी ठरलेल्या तासाच्या पुढे आली तर तेवढीच वजावट आमच्या बिलातून. एकतर्फी दंड लावणाऱ्या ऑर्डरी आम्ही बघतो. त्यांत दंडाची रक्कम दरात आधीच मिळवलेली असते, एवढंच.

बिलांबाबत कायदा स्पष्ट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यातली त्याला जोडणारी तरतूद (मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा होत नाही) १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, तेव्हापासून मार्चअखेर धावपळ दिसते. बाकीचे अकरा महिने जैसे थे. ज्याचे तीन महिन्यांचे भाडे थकलेले आहे तो गाडीमालक सकाळी पहिली गाडी कोणाला देईल? डिझेल रोखीने भरावं लागतं. जिथून पैसे वेळेवर येतात तिथे चांगला ड्रायव्हर आणि चांगली गाडी जाते, उरलेली तुमच्याकडे येते. बिल अडण्याचं सगळ्यात मोठं कारण पैसे नसणं हे नाही, कागद आहे : चलनावर सही आहे पण वेळ नाही, नाव नाही, शिक्का नाही, जीआरएन दुसऱ्या दिवशी झाला, प्रमाणात दोन आकडे. चलनावर वेळ लिहिण्याचे चार चौकोन छापून घ्या : गेटवर आली, आत घेतली, खाली झाली, बाहेर पडली. सही करणाऱ्याचं नाव वाचता येईल असं. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतील.

एक छोटी गोष्ट, जी कुठल्याच ऑर्डरमध्ये नसते : ड्रायव्हरला संडास आणि प्यायचं पाणी. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला गेटबाहेर रस्त्यावर बसवायचं आणि मग त्याने रिव्हर्स घेताना तुमचं रेलिंग तोडलं म्हणून त्याच्यावर ओरडायचं, हे शोभत नाही. रिव्हर्सला सिग्नल देणारा एक ठरलेला माणूस, जाकीट घालून, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा जागी उभा असावा. फोनवर बोलणारा हेल्पर तिथे चालणार नाही.

शेजारच्या सोसायट्यांशीही तुमचं नातं आमच्या चाकांवरून ठरतं. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीबाबत जे नियम काढले त्यांत झाकलेल्या गाड्या आणि बाहेर पडताना धुतलेली चाकं या अटी होत्याच. पुण्यातही गेटवर चाकं धुवायला उथळ पाण्याचा हौद आणि एक होजपाइप ठेवायला कोणी हुकूम काढेपर्यंत थांबायची गरज नाही. रात्री दहानंतर बूम पंप आणि रिव्हर्स हॉर्न चालवायचा असेल तर परवानगी आणि शेजाऱ्यांना सूचना, दोन्ही आधी. आणि महापालिका व वाहतूक पोलिसांना तुम्ही संघटना म्हणून एक मागणी करावी : मोठ्या स्लॅबच्या दिवशी ठरावीक वेळेपुरती, पैसे भरून, गेटबाहेर दोन मिक्सर उभे करायची अधिकृत जागा. आज त्या गाड्या उभ्या राहतातच, फक्त बेकायदा आणि दुसऱ्याच्या दारात.

हे सगळं एकदम करा असं आमचं म्हणणं नाही. पुढचा एक स्लॅब घ्या, शंभर घनमीटरच्या वरचा. आदल्या दिवशी दुपारी चारला साइट इंजिनिअर, पंप ऑपरेटर आणि प्लांटचा डिस्पॅचर यांनी वीस मिनिटं बसून फेरीचा हिशेब कागदावर मांडावा : किती मिनिटांनी गाडी, किती गाड्या, पहिली कधी, पंप बंद पडला तर दुसरा कुठून आणि किती वेळात, उरलेला माल कुठे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गाडीच्या त्या चार वेळा, आल्यावरचा स्लंप आणि काँक्रीटचं तापमान एका तक्त्यात भरा. संध्याकाळी तक्ता दोघांनी सोबत बघा. गाडी प्लांटवर किती थांबली आणि तुमच्याकडे किती, हे त्यात दिसेल. आकडा आमच्या विरुद्ध गेला तर आम्ही दरात भरून देऊ. तुमच्या विरुद्ध गेला तर पुढच्या ऑर्डरमध्ये वर सांगितलेल्या अटी घाला. तक्त्याचा नमुना हवा असेल तर तुमच्या साइटवर येणाऱ्या कोणत्याही डिस्पॅचरकडे मागा. बहुतेकांनी आपल्यापुरता एक बनवलेला असतो, फक्त तो कोणी बघायला मागत नाही.

कळावे,

आपले,
पुणे परिसरातील बांधकाम साहित्याच्या पुरवठा आणि वाहतुकीत काम करणारे काही जण